कारखान्याच्या आवारातील वायफाय : आखणी आणि देखभाल



आता वजनाची नोंद संगणकावर होते आणि शेतकी खात्याचा माणूस यार्डात मोबाइलवरच गाडी नोंदवतो. फिरत्या माणसाची ही नोंद ऑफिसपर्यंत जाते ती बिनतारी जाळ्यावरून, म्हणजे वायफायवरून. हे जाळे अडले की गाड्यांची रांग अडते, आणि रांगेतला ऊस उन्हात वाळून वजनाला घटतो. तो तोटा आपला, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

घरी एक पेटी पुरते. कारखान्याच्या पसाऱ्याला अनेक लागतात. त्यांना अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. प्रत्येक पेटी आपल्या मनाने चालली, तर जत्रेत दोन कर्णे शेजारी लावल्यासारखे होते, धड एकाचेही ऐकू येत नाही. म्हणून सगळ्यांवर एक कंट्रोलर असतो. तो पाटकऱ्याचे काम करतो : कोणत्या पेटीने कोणत्या चॅनेलवर, किती जोराने बोलायचे ते ठरवतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल साधारण तीनच धरतात : १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा जास्त, पण पल्ला कमी आणि भिंतीपुढे जोर ओसरतो.

खरी गोम पाहणीत आहे. बंद हंगामात मोकळ्या यार्डात पाहणी केली की सगळीकडे उत्तम रेंज दिसते. गाळप सुरू झाले की तिथेच भरलेल्या ट्रॉल्या उभ्या राहतात. उसात साधारण सत्तर टक्के पाणी, आणि पाणी या लहरी शोषून घेते. पत्र्याचे शेड आणि लोखंडी टाक्या त्या परतवून लावतात ते वेगळेच. तेव्हा पेट्या भरल्या गाडीच्या वर, खांबावर घ्याव्यात आणि भर हंगामात पुन्हा पाहणी करावी. नुसत्या नकाशावर खुणा करून भागत नाही.

प्रत्येक पेटीला केबल लागतेच. एकाच केबलीतून माहिती आणि वीज दोन्ही देता येतात. तांब्याच्या केबलीची मर्यादा १०० मीटर. त्यापुढे फायबर टाकावी. तिच्या काचेच्या तंतूतून विजेचा लोळही आत येत नाही.

वजनकाटा मात्र वायफायवर ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काटा काही जागचा हलत नाही, मग त्याला बिनतारी कशाला? त्याला केबलच द्यावी, आणि काट्याच्या संगणकाने वजन आधी स्वतःकडे साठवून मग पुढे पाठवावे.

ड्रायव्हर आणि पाहुण्यांचे वायफाय त्याच पेट्यांवरून द्यायला हरकत नाही, पण त्याची चारी वेगळी हवी. शेतकी आणि हिशेब खात्याच्या जाळ्यात ती मिसळू देऊ नये. कंट्रोलरवर ही सोय एकाच ठिकाणी बसून करता येते.

पुरवठादाराला एक प्रश्न अवश्य विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे : कंट्रोलर बंद पडला तर पेट्या चालू राहतील का? काही रचनांत सगळी माहिती कंट्रोलरमधूनच जाते. तो थांबला की सारे थांबते. दुसऱ्या प्रकारात तो फक्त हुकूम देतो, माहिती आपल्या वाटेने जात राहते. यार्डासाठी दुसरा प्रकार बरा. गाळप सुरू होण्याआधी एकदा कंट्रोलर मुद्दाम बंद करून पाहावा. त्याच्या मांडणीची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी, आणि पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता लिहून सीलबंद पाकिटात तिजोरीत ठेवावा.