चेंगराचेंगरी : निदान आणि प्रतिबंध

नवरात्र जवळ आले की आपल्या मंडळातील अनेक डॉक्टरांना कोठल्या ना कोठल्या गरब्याच्या मैदानावरील वैद्यकीय कक्षात बसण्याचे निमंत्रण येते. बडोद्यात राहून ते नाकारणे कोणालाच जमत नाही. मीही अनेक वर्षे ही सेवा आनंदाने केली. तथापि तेथे डॉक्टरचे नेमके काम काय, याचा विचार मी फार उशिरा केला, आणि तोही एका चुकीमुळे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मैदानाला एकच मोठे प्रवेशद्वार होते आणि पासांची तपासणी नीट व्हावी म्हणून त्याच्या तोंडाशी बांबू बांधून वाट अरुंद केलेली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास उशिरा येणारे आणि लवकर परतणारे असे दोन लोंढे त्या वाटेत समोरासमोर आले. माझा तंबू रंगमंचाशेजारी, म्हणजे मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता. मी पोहोचलो तेव्हा चार-पाच जणी बेशुद्ध पडल्या होत्या. त्यांतील सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीचा श्वास थांबला होता. चेहरा काळानिळा, डोळ्यांत आणि मानेवर रक्ताचे बारीक ठिपके. नाडी मात्र लागत होती. कृत्रिम श्वास दिल्यावर सुदैवाने ती सावरली.

संयोजकांनी विचारले, “डॉक्टरसाहेब, लोक घाबरले म्हणूनच झाले ना?” मी होकार दिला आणि नोंदवहीत लिहिले, “घबराटीमुळे गुदमरून बेशुद्धी.” पुढच्या वर्षी गेलो तो तोच दरवाजा, तेच बांबू! विचारल्यावर उत्तर मिळाले, “दोष दरवाजाचा नव्हता, लोक घाबरले, असे आपणच लिहून दिले होते.” निदान चुकले की उपचार चुकतो, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. येथे माझ्याच निदानाने उपचार थांबवला होता.

अशा घटनेला गुजराती वृत्तपत्रे ‘नासभाग’ म्हणतात, हिंदी ‘भगदड’. दोन्ही शब्दांत पळणे आहे, आणि म्हणून पळणाऱ्यांचा दोषही आहे. मराठीचा ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द मात्र प्रत्यक्षात जे घडते तेच सांगतो. अशा प्रसंगी पुष्कळ बळी उभ्याउभ्याच जातात. चहूबाजूंच्या दाबाने छाती फुगू शकत नाही, श्वासपटल खाली सरकत नाही, प्राणवायू तुटतो आणि काही मिनिटांत मेंदू व हृदय निकामी होते. मागच्या माणसाने दिलेला रेटा किरकोळ असतो. परंतु शेकडोंचे रेटे एकत्र येऊन लोखंडी कठडेही वाकवतात. मागच्यास पुढे काय चालले आहे हे कळत नाही, आणि पुढच्यास ओरडण्यापुरताही श्वास उरत नाही.

गर्दीची दाटी मोजता येते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असली तर हालचाल मंदावते. पाच-सहा झाली की धोका सुरू होतो. सातच्या आसपास गर्दी द्रवासारखी वागू लागते, तिच्यात लाटा उठतात आणि माणसाचा आपल्या पायांवरील ताबा सुटतो. घबराट झालीच तर बहुधा त्यानंतर होते. ती परिणाम आहे, कारण नव्हे.

याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाचे आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी फुटबॉल सामन्यासाठी एका बाजूला उभ्या प्रेक्षकांना १०,१०० तिकिटे दिली होती आणि त्यांना आत घेणारे फिरते दरवाजे अवघे सात होते. आजच्या प्रमाणानुसार अशा एका दरवाजातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे जातात असे धरतात. म्हणजे सर्वांना आत येण्यास दोन तासांहून अधिक वेळ लागणार, हे आधीच्या दिवशी कागदावर दिसू शकले असते. बाहेर दाटी झाल्यावर २ वाजून ५२ मिनिटांनी बाहेर पडण्याचा दरवाजा प्रवेशासाठी उघडण्यात आला. सुमारे २,००० लोक आत आले. समोरचा बोगदा आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांत जात होता. तो कोणी बंद केला नाही, आणि पुढे उंच जाळी होती. एकूण ९७ जणांचे प्राण गेले. दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. २०१६ साली न्यायचौकशीतील ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. चुकीचे निदान दुरुस्त व्हायला २७ वर्षे लागली.

आपल्याकडची उदाहरणेही दूरची नाहीत. जानेवारी २०१७ मध्ये रेल्वेने निघालेल्या एका चित्रपट अभिनेत्याला पाहण्यासाठी आपल्याच बडोदे स्थानकावर गर्दी उसळली आणि एकाचा मृत्यू झाला. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानाबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवात ११ जण दगावले. तेथे मैदानाच्या क्षमतेच्या कित्येक पट लोक जमले होते आणि प्रवेशाविषयी संभ्रम होता.

अमेरिकन अभियंता जॉन फ्रुइन यांनी अशा घटनांची मीमांसा चार शब्दांत केली आहे : बल, माहिती, जागा आणि वेळ. हे चार घटक आधी तपासले, तर बहुतेक दुर्घटना टळतात. जागेचा आणि वेळेचा हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. क्रीडामैदानांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेनुसार सपाट जमिनीवर एक मीटर रुंदीतून मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात असे धरतात, आणि आणीबाणीत बाहेर पडण्यास ८ मिनिटांहून अधिक वेळ लागू नये. तीन मीटरच्या दरवाजातून आठ मिनिटांत साधारण २,००० माणसे जातील. मैदानावर २०,००० असतील तर असे दहा दरवाजे हवेत, आणि एखादा बंद पडेल हे धरून अकरावा.

म्हणून यापुढे निमंत्रण स्वीकारण्यापूर्वी आपण संयोजकांना पाच प्रश्न विचारावेत, अशी माझी सूचना आहे. एक, पास किती आणि दरवाजांची एकूण रुंदी किती? दोन, येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी आहे काय? तीन, दरवाजाबाहेर दाटी झाली तर आतल्यांना आणि मागच्यांना कोण, कसे कळवणार? चार, कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कोणाला, आणि तो माणूस मैदान पाहू शकेल अशा जागी बसणार आहे काय? पाच, वैद्यकीय कक्षापासून रुग्णवाहिकेपर्यंतची वाट गर्दीतून जाते काय? उत्तरे मिळाली नाहीत, तर आपल्या दोन खाटा आणि प्राणवायूचे सिलिंडर ही केवळ सजावट होय.

घटना घडलीच, तर प्रथम मागचा रेटा थांबवावा, मग रुग्ण मोकळा करावा, श्वासमार्ग उघडावा आणि श्वास नसेल तर तत्क्षणी पुनरुज्जीवन सुरू करावे. हिल्सबरोच्या स्वतंत्र समितीने २०१२ मध्ये दाखवून दिले की मृतांपैकी ४१ जण कदाचित वाचू शकले असते. निपचित पडलेल्याला मृत समजून पुढे जाऊ नये.

वाचकांसाठी थोडेसे. गर्दीत दोन्ही बाजूंनी खांदे दाबले जाऊ लागले की तीच परतण्याची वेळ. अडकलात तर हात छातीसमोर घेऊन श्वासापुरती जागा राखा, उलट रेटा देऊ नका, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, आणि लाट ओसरली की तिरपे सरकत कडेला या.

मी त्या वर्षी संयोजकांसमोर माझी जुनी नोंद खोडली आणि तेथे लिहिले : “अरुंद दरवाजा व दुतर्फा प्रवाह यांमुळे छातीवर दाब.” दुसऱ्याच दिवशी बांबू निघाले आणि मागच्या बाजूस दुसरी वाट उघडली. चार ओळींची ती नोंद मला कोणत्याही औषधचिठ्ठीहून अधिक महत्त्वाची वाटते.