तुझ्या शीटमध्ये उंचीचा रकाना नाही

अगं, तुझी ती एक्सेल शीट काल रात्री ओटा पुसून झाल्यावर शांतपणे बघितली. मेहनत घेतली आहेस. गुरुग्राम ते काझा, प्रत्येक टप्प्याचे किलोमीटर, प्रत्येक चार्जरला हिरवा ठिपका, आईच्या गोळ्यांच्या वेळासुद्धा. एक रकाना मात्र राहिलाय, उंचीचा. आमच्या पहिल्या ट्रिपला मला त्यानंच रडवलं होतं, म्हणून आधी तेच सांगते.

कागद-पेन घे. तुझी गाडी, तुम्ही तिघं आणि आईच्या त्या डब्यांच्या पिशव्या मिळून अठराशे किलोच्या पुढे जातील. एवढं वजन एक हजार मीटर वर चढवायला पाचेक युनिटं नुसती उचलण्यातच जातात. मोटरमधली गळती धरली तर साडेपाच-सहा. अंतर कापायला लागणारी वीज वेगळीच. तुझ्या ४५ युनिटांच्या बॅटरीत हे गणित बसव. रामपूर आहे साधारण १००० मीटरवर आणि कल्पा २९०० च्या वर. म्हणजे शंभरेक किलोमीटरच्या त्या टप्प्यात चढच अकरा-बारा युनिटं खाणार आणि अंतर आणखी तेवढीच. तू शीटमध्ये तिथे '१०५ किमी, सोपं' असं लिहिलंयस. सोपं आहे, पण बॅटरी निम्मी करणारं सोपं.

उताराला यातलं बरंचसं परत मिळतं (त्यालाच रीजेन म्हणतात), पण सगळं नाही. नारकंडा सुमारे २७०० मीटरवर आहे. तिथून रामपूरला उतरताना पासष्ट किलोमीटर जाऊनही टक्के जवळपास होते तिथेच राहिले, तर मी आनंदानं वेडी झाले होते. गाडीचा डॅशबोर्डही माझ्यासारखाच भोळा असतो. नुकतं जे घडलं तेच पुढे घडणार असं धरून चालतो. रामपूरला तो चारशे किलोमीटर दाखवेल, तासाभरानं चढाला लागलीस की दीडशे. दोन्ही खोटं. तू टक्के बघ आणि पुढे किती मीटर चढ बाकी आहे ते बघ.

अजून एक गंमत, जी मला कुणी सांगितली नव्हती. वरच्या गावात मुक्काम असेल तर सकाळी शंभर टक्के भरून निघू नकोस. बॅटरी भरलेली असली की उताराची वीज ठेवायला जागाच नसते, रीजेन बंद पडतं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. कल्प्याहून खाली सतलजपर्यंत उतरायचंय, तेव्हा नव्वदला थांबव. गार पहाटे बॅटरी गारठलेली असते तेव्हाही रीजेन अडतं. पहिले दोन-चार किलोमीटर बेतानंच जा.

आपण गुरुग्रामकर लाडावलेले आहोत गं. सेक्टर ५२ मध्ये जानेवारी २०२२ मध्ये एकाच जागी शंभर चार्जिंग पॉइंटांचं स्टेशन उघडलं, आणि आपल्या बेसमेंटमधला चार्जर तर झोपेतही भरतो. चंदीगडपर्यंतही काळजी नाही. कर्नालच्या कर्णा लेकला २०२१ पासून सौर चार्जिंग स्टेशन आहे. फक्त मुरथलला पराठे खायला थांबलीस तर तिथे चार्ज करत बसू नकोस, गाडी अजून पोट भरलेलीच असते. भूक कर्नालपर्यंत धरून ठेव, मग दोघींचं एकदम होईल. शिमल्यापर्यंतही निभावतं. खरा प्रश्न त्याच्या पुढचा.

तिथे तू चुकतेयस असं मला वाटतं. तू हिरवे ठिपके जोडत गेलीस आणि मग मुक्काम ठरवलेस. मी उलटं करते. रात्री कुठे झोपायचं ते आधी, आणि तिथे पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे का ते त्याहून आधी. दहा-अकरा तास साध्या पॉवर पॉइंटवर गाडी लावली की पंचवीस-तीस युनिटं आरामात चढतात. व्होल्टेज पडलं तर वीस. दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटरच जायचं ठरवलंस तर तेवढं पुरतं. आणि आईला घेऊन त्याहून जास्त जायचंही नाही. उंचीची सवय तिच्या फुफ्फुसांनाही हळूहळूच व्हायला हवी. शिमल्याकडून हळूहळू चढत जायचं तू ठरवलंस ते फार बरं केलंस. डॉक्टरांना विचारलंयस ना? विचार.

आता हॉटेलवाल्याशी कसं बोलायचं ते. पहिल्या वर्षी मी फोन केला, 'चार्जिंग है?' तो म्हणाला, 'है जी, बिलकुल है.' पोचलो संध्याकाळी, गाडीत अकरा टक्के. त्यानं मोठ्या अभिमानानं पलंगाशेजारचे दोन प्लग दाखवले. मोबाइलचे! चूक माझीच. तेव्हापासून मी 'चार्जिंग' हा शब्दच उच्चारत नाही. विचारायचं असं: गीझरचा मोठा पॉइंट पार्किंगपासून किती पावलांवर आहे? अर्थिंग आहे का? रात्री लाइट जाते का? आणि मग, भैया, जरा व्हिडिओ कॉलवर दाखवा. खिडकीतून वायर सोडायची असेल तर तळमजल्याचीच खोली माग. पैसे स्वतःहून आधीच ठरव. पंचवीस युनिटांचे जे होतील त्याच्यावर थोडे जास्त दे. एकदा नीट पैसे मिळाले की पुढच्या गाडीवाल्याला तो नाही म्हणणार नाही.

त्या अकरा टक्क्यांच्या रात्री काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही. तुझे भावजी आणि मी भर बाजारात भांडलो. मी म्हणत होते, 'तरी सांगत होते,' आणि ते म्हणत होते, 'मग आधीच का नाही बोललीस?' शेवटी मी गाडीतून उतरले आणि डोळे पुसत चालायला लागले. कोपऱ्यावर एक पिठाची चक्की होती. चक्कीला मोठी मोटर, म्हणजे दणकट वायरिंग, म्हणजे अर्थिंग, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नव्हतं. मी नुसती आडोशाला म्हणून आत गेले. चक्कीवाल्याची बायको राजमा सोलत बसली होती. तिनं विचारलं, मी सांगितलं, आणि तिनं नवऱ्याला हाक मारली. दळण नऊला बंद झालं आणि त्यांच्या पॉइंटवर आमची गाडी रात्रभर लागली. सकाळी टक्के बघायच्या आधी मी तिच्या हातचा चहा प्यायले. तेव्हापासून कुठल्याही गावात अडले तर आधी चक्की शोधते, नाहीतर वेल्डिंगचं दुकान.

त्या भांडणानंतर गाडीतल्या बोलण्याचीही एक खूणगाठ बांधली. टक्के एकानंच बघायचे, आणि जो चालवत नाही त्यानं. चालवणाऱ्याला दर वळणावर आकडा ऐकवायचा नाही. आईसमोर तर अजिबात नको, ती लगेच स्तोत्र सुरू करेल आणि एसी बंद करायला लावेल.

एसीवरून हीटर आठवला. थंडीत तो तासाला एक-दीड युनिट ओढतो. सात तासांच्या दिवसात दहा युनिटं, म्हणजे जवळपास दोन हजार मीटरचा चढ. म्हणून आईला कुडकुडत नेऊ नकोस हं. हीटर हिशेबात धर, आणि तिच्या गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी आणि शाल दे. पिशवीला युनिटं लागत नाहीत.

वायरीचं सांगते, इथे मी कडक आहे. एक्स्टेन्शन बाजारातलं पांढरं पातळ आणू नकोस. इलेक्ट्रिशियनकडून चार एमएमची तांब्याची, वीस मीटर, एका बाजूला दणकट टॉप आणि दुसऱ्या बाजूला तसंच सॉकेट बसवून घेतलेली हवी. वापरताना पूर्ण उलगडायची. गुंडाळी तशीच ठेवली तर आतल्या आत तापते. अर्ध्या तासानं प्लगला हाताची पालथी बाजू लावून बघायची, चटका बसला तर गाडीत अँपिअर कमी करायचे. दहा, नाहीतर आठ. वेळ लागू दे. आणि अर्थिंग नसेल तर चार्जरवर लाल दिवा लागतो. तो दिवा फसवायला न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा एक छोटा टॉप मिळतो, लोक शिफारसही करतात. तो घ्यायचा नाही. आई आजूबाजूला ओल्या पायांनी फिरणार आहे. दुसरा पॉइंट शोध, दुसरं गाव शोध, चक्की शोध. संध्याकाळी सगळ्या गावाचे गीझर-हीटर चालू असतात, व्होल्टेज रडतं. अकरानंतर जास्त वेगानं भरतं, आणि पहाटे निघताना बॅटरीही जरा उबदार असते.

मला तिथे नेहमी हसू येतं बघ. त्याच सतलजवर नाथपा-झाकडीचा १५०० मेगावॅटचा प्रकल्प आहे. आणि त्याच्या वरच्या अंगाला आपण वायर हातात घेऊन दारोदार, 'भैया, एक पॉइंट मिलेगा?'

काझ्याला तू सगळ्यात मोठा हिरवा ठिपका दिलायस. तो सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाला, जगातला सगळ्यात उंचावरचा म्हणून गाजावाजा झाला, आणि बसवणारी कंपनी आपल्या पुण्याची. ऊर भरून येतो, मान्य. पण ज्या चार्जरशी, म्हणजे तिथल्या माणसाशी, आदल्या दिवशी फोनवर बोलणं झालं नाही तो शीटमध्ये नाहीच असं धर. अ‍ॅपवर ठिपका हिरवाच असतो. आत शेवटचा माणूस कधी येऊन गेला ती तारीख बघायची. शिवाय बरेच चार्जर अ‍ॅपनं सुरू होतात आणि अ‍ॅपला नेट लागतं. तुझ्या फोनला तिथे नेट मिळेलच असं नाही, एक बीएसएनएलचं कार्ड ठेव. कल्प्याखालच्या पिओहून काझा दोनशे किलोमीटर. मध्ये नाको नाहीतर ताबोला रात्र काढ, कुणाच्या तरी पॉवर पॉइंटवर. काझ्याचा चार्जर चालू निघाला तर ती दिवाळी.

आणि काझ्याहून कुंझुम खिंड ओलांडून मनालीला उतरायचं, म्हणजे गोल पूर्ण होतो, असं तू शेवटी लिहिलंयस. यावेळी नको. लोसर सोडलं की लांबवर पॉइंट मागायला घर नाही. बातलपासून ग्रामफूपर्यंतचा रस्ता दगडांचा आणि ओढ्यांचा, आणि तुझी सगळी बॅटरी गाडीच्या पोटाखाली. ज्या वाटेनं गेलीस त्याच वाटेनं परत ये. येताना प्रत्येक पॉइंट ओळखीचा असतो, हॉटेलवालाही, आणि बहुतेक उतारच. गोल पूर्ण केला नाही म्हणून कुणी प्रमाणपत्र काढून घेत नाही.

जुलै-ऑगस्टला जाऊ नकोस, दरडी पडतात. गणपती विसर्जन झालं की निघ. पाऊस ओसरलेला असतो, हॉटेलं रिकामी, सुट्टीही मिळते. पितृपक्षात प्रवासाला निघायचं हे आईला पटवायचं काम तुझं. माझ्यावर ढकलू नकोस, मी नुकतंच तिला इंडक्शनसाठी पटवलंय, माझा कोटा संपला.

वायर नवीन घेऊ नकोस, माझी आहे. रविवारी येऊन ने. स्कूटीवरून येऊ नकोस मात्र, फार जड आहे.