कंबर धरली की

मोरीत वाकून भरली बादली उचलली आणि कमरेत चमक भरली, की घरातले सगळे एका सुरात सांगतात, झोपून राहा, हलू नकोस. मी सुनांना आणि शेजारच्या पोरींना नेमकं उलटं सांगत आले. एखादा दिवस पडा, फार तर दोन. त्यापुढे अंथरूण धरलं तर कंबर आखडते, पाठीचं बळ जातं आणि उठणं आणखी जड होतं. घरातल्या घरात तासातासाला फेरी मारा. ओट्याशी उभं राहून चहा करा, देवापाशी दिवा लावा. वाकणं आणि ओझं उचलणं तेवढं दुसऱ्यावर सोपवा.

अंथरुणातून सरळ ताडकन उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताने रेटा देत उठा. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्या, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. फळीवर झोपायची सक्ती करून घेऊ नका. ना फार मऊ, ना फार कडक अशी गादी बरी. शिंक आली तर भिंतीला हात टेकून गुडघे थोडे वाकवा, नाहीतर एका शिंकेने पुन्हा कळ येते.

शेकाने बरं वाटतं, म्हणून तो जरूर घ्या. गरम पाण्याची पिशवी, तव्यावर तापवलेल्या ओव्याची किंवा वाळूची पुरचुंडी, जे घरात असेल ते. पंधरा-वीस मिनिटं पुरे. मध्ये कापडाची घडी ठेवा, आणि बाम चोळलेल्या जागी शेक देऊ नका, कातडी भाजते. मधुमेह असलेल्या माणसाला चटका लवकर कळत नाही, त्याला शेक देताना आधी आपल्या हातावर ऊब पाहा.

उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेला लाथ मारून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ती आता सोडाच. साधी उसण बहुतेकदा काही दिवसांत आपसूक उतरते, आणि श्रेय लाथेला मिळतं. म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ असतील तर मणकाच मोडायचा.

शहाडच्या माणसाची कंबर खरी झिजते ती गाडीत. आपलं स्टेशन कसारा लाइनवर कल्याणच्या पुढचं पहिलं, त्यामुळे सकाळची गाडी टिटवाळा-आंबिवलीहूनच भरून येते. तिसऱ्या माणसाने सरकून दिलेली चौथी सीट दयेची वाटते, पण तिथे अर्धं बूड बाहेर आणि कंबर तिरकी राहते. दुखत असेल तर तिच्यापेक्षा उभं राहिलेलं चांगलं. पाय थोडे फाकवून उभे राहा, भार या पायावरून त्या पायावर घेत राहा, बॅग खांद्याला न लटकवता रॅकवर टाका. धावत गाडी पकडायची नाही आणि चालतीतून उतरायचं तर नाहीच. पाणी भरतानाही हाच विचार करा. एक काठोकाठ बादली एका हाताने ओढण्यापेक्षा दोन अर्ध्या बादल्या दोन हातांत घ्या, आणि उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाका.

दुखणं उतरलं की चालायला लागा. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर येतं. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या 701 जणांवर एक अभ्यास झाला, तो 2024 साली प्रसिद्ध झाला. हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालायचं, असं त्यांतल्या निम्म्या लोकांना शिकवलं होतं. त्यांचं दुखणं परतायला साधारण 208 दिवस लागले, बाकीच्यांचं 112 दिवसांत परतलं. याला पैसा लागत नाही. संध्याकाळी बिर्ला मंदिरापर्यंत जा, विठोबाला हात जोडा आणि परत या. कमरेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधून ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2023 साली जुनाट कंबरदुखीसाठी पट्ट्याचा नेहमीचा वापर नको असंच सांगितलं आहे.

एमआरआयच्या कागदावर गादी सरकल्याचं वाचून हाय खाऊ नका. काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या दहा माणसांतल्या आठांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पाकिटं आणून मनाने गोळ्या खाऊ नका, विशेषतः बीपी, मूत्रपिंड किंवा अल्सरचा त्रास असलेल्यांनी.

मात्र काही वेळा घरचे उपाय बाजूला ठेवायचे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर रात्र असली तरी निघायचं. दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, पडल्यानंतर दुखायला लागलं असेल किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरी डॉक्टरांना लगेच दाखवायचं. कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय आणि उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आपल्या हाताशी आहेत. लघवीचं दुखणं सांगायला लाजून घरी बसू नका, आणि घरातल्या बायकांना तर स्वतःहून विचारा.