ती जमीन कोणाची?

शास्त्रपाठ : उत्पत्ती 26:12-22



गेल्या उन्हाळ्यात पनवेल तालुक्यातील एका कातकरी वाडीवर आम्ही पाणलोटाच्या कामाचा माहितीपट दाखवला. आधी उघडा डोंगर, मग श्रमदान, मग भरलेली विहीर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी मात्र विचारले, "ती जमीन कोणाची होती?" मला उत्तर देता आले नाही. आजचा अभ्यास त्या प्रश्नावर आहे.

असे माहितीपट खोटे नसतात. जन्माने स्विस असलेले जेझुइट फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने, जर्मनीच्या मदतीने, इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. 1993 साली वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत 1996 ते 2001 या काळात समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. टँकरवर जगणाऱ्या गावाला पाणी मिळाले. पण त्यासाठी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी लागली. तिचा भार आधी मेंढपाळांवर आणि भूमिहीनांवर पडला; वाढलेल्या पाण्याचा लाभ मात्र ज्याची शेती त्याला जास्त झाला. पाच वर्षांचे काम पडद्यावर काही मिनिटांत संपते, आणि हा भार सहज नजरेआड होतो.

शिवाय दरेवाडी पर्जन्यछायेत आहे. आपल्याकडे पाऊस धो धो पडतो, पण उतारावरून थेट खाडीला जातो. खालचा कातळ थोडेच पाणी धरतो. म्हणून जुलैत वाहणारा ओहोळ एप्रिलमध्ये कोरडा. झरे जपणे, ओढ्यावर वनराई बंधारे घालणे ही इथली कामे. मात्र अनेक कातकरी वाड्या खासगी मालकाच्या किंवा वनखात्याच्या जागेवर वसलेल्या आहेत. आज श्रमदानाने विहीर खोदली आणि उद्या मालकाने कुंपण घातले तर?

इसहाकाच्या बाबतीत हेच झाले. बापाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या होत्या. त्याने त्या पुन्हा उकरल्या. नवी विहीर लागली तेव्हा गरारचे गुराखी म्हणाले, पाणी आमचे. तिचे नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. इसहाकाला पाणी पहिल्याच विहिरीत लागले होते. निर्धास्त राहता येईल अशी जागा तिसरीपाशी मिळाली. आपल्या सेवेचे मोजमापही हेच असावे.

म्हणून माहितीपट जरूर दाखवा. तो पाहून लोकांना धीर येतो, काम कसे करायचे ते कळते. पण कुदळ मारण्याआधी तलाठ्याकडून त्या जागेचा सातबारा काढा. जागा वनजमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दाव्यासाठी ग्रामसभेत बसा. आपल्या देणगीतून सिमेंट घेता येते, तसा या कामाचा प्रवासखर्चही भागतो.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपण पाहिलेल्या माहितीपटात कोण बोलते, आणि कोण नुसतेच दिसते?
2. आपल्या मदतीने झालेल्या विहिरीवर आज कोण पाणी भरते?
3. वाडीसाठी 'रहोबोथ' म्हणजे काय, हे आपण वाडीतल्या बायकांना विचारले आहे का?

प्रार्थना : प्रभो, तहानलेल्यांना पाणी दे, आणि त्यांना कोणी हुसकावणार नाही अशी जागाही दे. आमेन.