मेनफ्रेमला वेबचा चेहरा: कोटेशनमध्ये न दिसणारा खर्च

हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून अमेरिकेतल्या बँकेचं कोबोल सांभाळणाऱ्यांना ही फर्माईश नवी नाही: ‘हा हिरवा पडदा ब्राउझरमध्ये आणा.’ कोटेशनमध्ये परवान्याचा आकडा ठळक असतो. मेनफ्रेमचं वाढणारं बिल मात्र त्यात नसतं.

सगळ्यांत स्वस्त वाट म्हणजे ब्राउझरमधला 3270 एम्युलेटर. आयबीएमचं 1971 चं टर्मिनल, 24 ओळी आणि 80 स्तंभ, जसंच्या तसं. मूळ प्रोग्रामला हात लागत नाही, परवाना बहुधा वापरकर्त्यागणिक पडतो. डेमोत कीबोर्ड तपासाच: एफ5 दाबल्यावर ऐन व्यवहारात पान रिफ्रेश झालं, तर काउंटरवरची माणसं दुसऱ्याच दिवशी जुना एम्युलेटर परत मागतील. ज्यांची बोटं पीएफ कींवर बसली आहेत, त्यांना याहून जास्त काही देऊ नये, असं माझं मत.

दुसरी वाट स्क्रीन स्क्रेपिंगची. पान देखणं दिसतं, पण आत एक प्रोग्राम तोच पडदा वाचत असतो: पाचव्या ओळीत, विसाव्या स्तंभापासून दहा अक्षरं म्हणजे शिल्लक. कुणी बीएमएस मॅपमध्ये ते फील्ड दोन स्तंभ डावीकडे सरकवलं, की शिल्लक रकमेचे पहिले आकडे कापले जाणार, आणि एररही येईलच असं नाही. शिवाय एका वेबपानासाठी आत सहा पडदे ओलांडावे लागत असतील, तर सीआयसीएसचे व्यवहारही तेवढेच वाढतात. वर्षा-दोन वर्षांची सोय म्हणून ठीक. त्यापुढे देखभालच महाग पडते.

ग्राहकांसाठी ॲप किंवा संकेतस्थळ करायचं असेल, तर एपीआयच घ्या. उदाहरणार्थ झेड/ओएस कनेक्ट. इथे खर्च तुमच्या कोबोलच्या लिखाणावर ठरतो. हिशेबाचा भाग वेगळा असून कॉमएरियातून माहिती घेत-देत असेल, तर काम आटोपशीर. हिशेब आणि ‘सेंड मॅप’ एकाच परिच्छेदात गुंतले असतील, तर आधी ते सोडवण्याची मजुरी धरा. कॉमएरियाची मर्यादा 32 केबी; लांबलचक याद्या पाठवायच्या तर चॅनेल-कंटेनर लागतील.

आता बिल. सब-कॅपॅसिटीच्या जुन्या पद्धतीत आयबीएमचं मासिक शुल्क सरकत्या चार तासांच्या सरासरी वापराच्या महिन्यातल्या शिखरावर बेततं. पगाराच्या सकाळी हजारोंनी मोबाइलवर शिल्लक पाहिली, की ते शिखर चढू शकतं. जावाचं काम झिप प्रोसेसरवर वळवलं, तर तेवढा भाग या शुल्कात धरत नाहीत. कोबोल मात्र सामान्य प्रोसेसरवरच चालतं. म्हणून शिल्लक थोडा वेळ कॅशमध्ये ठेवता येईल का, हे आधी विचारा.

खरेदीपूर्वी एकेका व्यवहाराचा सीपीयू वेळ एसएमएफ 110 नोंदींवरून मोजून मागा. चाचणीत महिनाअखेर आणि पगाराचा दिवस आलाच पाहिजे, असं करारात लिहून घ्या.