पाय मोजा, नांगी बघा : जंगलातल्या किड्यांची ओळख

तायांनो, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात बांधीतली रोवणी, वर्षभर सरपण. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायांचा हात सतत पाल्यात, दगडाखाली, तणसात जात असतो. तिथं काय दडलंय हे डोळ्यांनी ओळखता आलं, तर उगाच भीती वाटत नाही आणि खऱ्या धोक्याला उशीरही होत नाही. म्हणून या अंकात हा अभ्यास.

पहिली खूण : पाय मोजा

सहा पाय असले तर तो कीटक. आठ पाय असले तर कोळी, गोचीड, विंचू यांचं कुटुंब. मृग लागला की ओल्या जमिनीवर लाल मखमलीसारखा मृगाचा किडा फिरताना दिसतो. नाव किडा, पण मोठ्या किड्याचे पाय मोजा, आठ भरतील. तो माणसाला काही करत नाही.

मामा तलावात, धानाच्या बांधीत पाणविंचू दिसतो. शेपटी बघून पोरं ओरडतात. पण तो कीटक आहे, आणि ती शेपटी म्हणजे श्वास घ्यायची नळी. तिच्यात विष नसतं. हातात धरला तर मात्र तोंडाच्या सोंडेने चावतो, म्हणून पकडू नका.

तुरीच्या, मुगाच्या फुलांवर काळ्या अंगाचा, केशरी पट्ट्यांचा भुंगा बसतो. तो चावत नाही, पण अंगावर चिरडला तर त्याच्या रसाने फोड येतात. उघड्या हाताने वेचू नका.

ऐन आणि अर्जुनाच्या झाडावर जाडजूड हिरवी अळी दिसली तर ती टसरची असू शकते. तिच्याच कोषातून रेशीम निघतं. मारण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा.

दुसरी खूण : चिमटे आणि शेपूट

विंचू ओळखायला सोपा, पण सगळे विंचू सारखे नसतात. मोठा काळा विंचू, ज्याला इंगळी म्हणतात, त्याचे चिमटे जाड आणि शेपूट त्या मानाने बारीक असते. चंद्रकोरीसारखं तोंड असलेलं बीळ दिसलं तर ते त्याचं असू शकतं. दिसायला भयंकर, पण त्याचं विष सहसा जीव घेत नाही.

लाल विंचू लहान असतो. चिमटे बारीक, शेपूट जाड. दगडाखाली, भिंतीच्या फटीत, कवेलूत, सरपणाच्या ढिगात लपतो. खरा धोका याचा. म्हणजे आकारावर जाऊ नका.

विंचू रात्री बाहेर पडतो. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याच्या उजेडात तो हिरवट चमकतो. पाठीवर पांढरी पिल्लं घेतलेली मादीही दिसते. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण उगाच नाही म्हणत. लांबून बघायचं, डिवचायचं नाही.

विंचू चावला तर

रायगड जिल्ह्यातल्या महाड भागात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या रुग्णांवर अनेक वर्षं काम केलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात चाळीसच्या आसपास दगावत. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यावर हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं. त्यांचा हा अभ्यास 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्यासाठी यातला धडा एकच : उपाय आहे, पण वेळेत पोचलं तरच. ही गोळी डॉक्टरच देतील, घरी देऊ नये.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ‘फार दुखत नाही, म्हणजे काही नाही’ असं समजू नका. विष अंगात भिनलेल्या रुग्णाला कधीकधी चावल्या जागी कमीच दुखतं. या खुणा बघा :

- दरदरून घाम, हातपाय गार
- उलटी, तोंडाला लाळ
- छातीत धडधड, दम लागणे, खोकला
- लहान मुलग्याच्या लघवीच्या जागी ताठरपणा

यातलं एक जरी दिसलं, किंवा चावलेलं लेकरू असलं, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा, प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आशाताईला कळवा. जागा धुवा, बांगड्या-अंगठ्या काढा, फडक्यात गुंडाळून थंड शेक द्या. चिरू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. मंत्र-झाडपाल्यात तास घालवू नका.

रोजच्या सवयी

सरपण उचलण्याआधी काठीने हलवा. चप्पल झटकून घाला. तेंदूच्या पानात हात घालण्याआधी खाली बघा. जमिनीवर झोपत असाल तर अंथरूण झाडा. सरपणाचा ढीग भिंतीला लावून ठेवू नका.

गटाच्या बैठकीत करायचा अभ्यास

1. आपल्या गावात कोणते किडे, कोणते विंचू दिसतात? गावातल्या नावाने यादी करा. मोठ्या बायांना विचारा, त्यांना जास्त माहीत असतं.
2. प्रत्येकाचे पाय किती, कुठे दिसतो, कोणत्या महिन्यात, हे लिहा. ही यादी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला द्या. लोक जैवविविधता नोंदवहीत आपल्या बायांची माहितीही यायला पाहिजे.
3. जवळच्या आरोग्य केंद्रात विंचूदंशाचं औषध आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे ग्रामसंघाने तेंदू हंगामाआधी विचारून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.