मोजणीतले ट्रक, मोजणीबाहेरची माणसं

विद्यार्थिनी : सर, नागपूर–चंद्रपूर द्रुतगती मार्ग, समृद्धीचा गडचिरोलीकडचा विस्तार, कोनसरी–मुलचेरा–हेडरीवरून सुरजागडला जाणारा चौपदरी रस्ता... नकाशावर रेघाच रेघा झाल्यात. वीस वर्षांनी यांच्यावर किती गाड्या धावतील, हे आजच कसं सांगतात?

सर : हिशेब मांडून सांगतात. त्या हिशेबाची घडी 1950च्या दशकात अमेरिकेत, मुख्यतः शिकागोच्या अभ्यासातून बसली आणि अजून तीच वापरात आहे. प्रदेशाचे विभाग पाडायचे आणि चार प्रश्न ओळीने सोडवायचे : कुठून किती फेऱ्या निघतील, त्या कुठे जातील, कशाने जातील आणि कोणत्या रस्त्याने. दुसऱ्या प्रश्नासाठी चक्क न्यूटनला हाताशी धरतात. मोठी गावं एकमेकांना जास्त ओढतात, अंतर वाढलं की ओढ कमी. चंद्रपूर–बल्लारपूर पट्ट्यात हे गणित बरं चालतं. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, कागद कारखाना. माणसं ठरलेल्या पाळीला ठरलेल्या जागी जातात. पण या सगळ्याचा पाया म्हणजे रस्त्याकडेची वाहनगणना. बहुधा सात दिवस, चोवीस तास, जाणारी-येणारी प्रत्येक गाडी टिपायची आणि तिला मोटारीच्या मापात बसवायची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या कोष्टकात मोटार एक, दुचाकी अर्धी, ट्रक तीन आणि मोठी बैलगाडी आठ! बैलगाडीचा हा मान ती रस्ता अडवते म्हणून. तिच्यात धान्य किती आहे, याच्याशी कोष्टकाला कर्तव्य नाही. आणि पायी चालणाऱ्याला या मापात किंमतच नाही.

विद्यार्थिनी : म्हणजे गडचिरोलीत घोडं तिथेच पेंड खातं?

सर : तिथेच. जे आज चाललंय तेच मोजलं जातं. जे अडलंय ते नाही. 2011च्या जनगणनेत गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या 10 लाख 73 हजारांच्या आसपास, आणि दर चौरस किलोमीटरला माणसं फक्त 74. एवढ्या विरळ वस्तीत न्यूटनची ओढ कुठून येणार? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्या दिवशी पुलावरची मोजणी शून्य भरेल, आणि शून्याचा अर्थ हिशेब असा लावेल की इथे कुणाला कुठे जायचंच नाही. बाळंतीण अडलेली असते, रेशन अडलेलं असतं, पण ते रकान्यात येत नाही. शिवाय मोजणीचा आठवडा कोणता? उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम, मिरची तोडायला तेलंगणात जाणारे मजुरांचे जत्थे, महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. इथला प्रवास हंगामी आहे. हंगामाची दुरुस्ती करायला पेट्रोलपंपावरची विक्री बघतात. जिथे पंपच दूरवर, तिथे ही दुरुस्तीही लंगडी.

विद्यार्थिनी : पण सुरजागडच्या लोहखनिज खाणीचे ट्रक तर खरे आहेत. ते मोजायचे नाहीत?

सर : मोजायचे की. पण ते वाढतात कसे, हे बघून. खाणीची परवानगी 2023 मध्ये वर्षाला 30 लाख टनांवरून 1 कोटी टनांवर गेली. आता तोंडी हिशेब कर. वर्षातले 300 दिवस धर, म्हणजे दिवसाला सुमारे 33 हजार टन. ट्रकमागे 30 टन, तर 1,100 भरलेल्या फेऱ्या आणि तेवढ्याच रिकाम्या परतीच्या. 2,200 गुणिले तीन, म्हणजे 6,600 मोटारींचा भार, एकट्या खाणीचा. एका परवानगीने हा आकडा तिपटीहून जास्त होतो. दरसाल पाच टक्के अशी सर्रास धरतात ती वाढ इथे लागूच पडत नाही. उलटी बाजूही बघ. 2025 मध्ये हेडरी ते कोनसरी सुमारे 85 किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. दळलेलं खनिज पाण्यात कालवून त्यातून वाहून नेतात. जे टन नळातून गेले ते रस्त्यावरून हटले. आधीची मोजणी घेऊन पाच टक्क्यांनी फुगवत बसलो, तर चौदा-पंधरा वर्षांत दुप्पट ट्रक दिसतील, आणि त्यातले कितीतरी नळात असतील.

विद्यार्थिनी : यावर कुणी म्हणेल, कोनसरीच्या कारखान्यात पोलाद तयार झालं की तेही ट्रकनेच जाणार. शिवाय रस्ता झाला की वाहतूक येतेच.

सर : पहिला मुद्दा मला मान्य आहे. पोलाद, कोळसा, कामगार, सगळं वाढेल. पण तो माल कोनसरीहून बाहेर जाईल; खाणीपर्यंतच्या जंगलातल्या रस्त्याचं समर्थन त्यातून होत नाही. दोन्ही तुकड्यांचा हिशेब वेगळा हवा. दुसरा मुद्दा मात्र फसवा. रस्ता झाल्याने वाहतूक येत असेल, तर अंदाज हा रस्त्याचं कारण राहत नाही, परिणाम होतो. आणि अंदाज चुकतात. संशोधक बेंट फ्ल्यूब्येर्ग आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये 14 देशांतले 183 रस्तेप्रकल्प तपासले. निम्म्यांत प्रत्यक्ष वाहतूक अंदाजापेक्षा वीस टक्क्यांहून जास्त फरकाने वेगळी निघाली.

विद्यार्थिनी : मग हे मॉडेल गुंडाळूनच ठेवायचं?

सर : छे. ते नसलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचा रस्ता. मॉडेल ठेवा, पण एक आकडा मागू नका. नळवाहिनी पूर्ण क्षमतेने चालली तर, अर्धी चालली तर, वडसा–गडचिरोली रेल्वे पुढे नेली तर, असे वेगवेगळे तक्ते हवेत. माणसांच्या प्रवासाचा तक्ता खनिजापासून अलग हवा, आणि त्यात प्रश्न ‘किती गाड्या’ हा नको. ‘बारमाही रस्त्याने तासाभरात दवाखाना गाठता येणारी गावं किती’ हा हवा. तिथे उत्तर बहुधा चौपदरी निघणार नाही. नाल्यावरचा उंच पूल आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी, एवढंच निघेल. जंगलाचंही तसंच. मॉडेलला वेळ आणि पैसा कळतो; वाघाचा भ्रमणमार्ग त्याला मोकळी जागा वाटतो. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर प्राण्यांसाठी नऊ भुयारी मार्ग आणि पूल झाले, पण वाद कोर्टात गेल्यावर. ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या भोवती तरी हा खर्च आखणीतच धरायला हवा. तुझ्या गावाकडे जनसुनावणी लागली तर अहवालातलं वाहतुकीचं प्रकरण मागून घे, आणि एवढंच विचार : खनिजाचे ट्रक वगळले, तर आकडा किती उरतो?